शेवाळाची रसद

गेल्या काही भागांत आपण किल्ले, घाट आणि खिंडी पाहिल्या. आजची लढाई काचेच्या टाकीतली आहे. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या श्रोत्यांकडून, मग ते हैदराबादचे असोत, इंदूरचे की बडोद्याचे, मला एकच प्रश्न येतो: "कर्नलसाहेब, खडकांवर हिरव्या केसांसारखं शेवाळ माजलंय. कुठलं औषध टाकू?" औषधाचं नाव मी सांगणार नाही. शेवाळाशी माणसं आजवर कशी लढली ते सांगतो. ते ऐकल्यावर बाटली विकत घ्यायची घाई बरीच कमी होते.

माझी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये झाली. पीठ, डाळ, रॉकेल, खेचरांचा दाणा पुढच्या चौकीपर्यंत पोहोचवायचा, हे आमचं काम. त्यामुळे कुठलीही लढाई दिसली की माझा पहिला प्रश्न असतो, याला शिधा कुठून येतो? प्रवाळाच्या टाकीच्या इतिहासात शेवाळाला आवर घालणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हाच प्रश्न विचारलेला दिसतो. कुणी कळून, कुणी नकळत.

गंमत अशी की शेवाळ टाकीत पहिल्यांदा आलं ते दोस्त म्हणून. १८४६ साली इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावर अ‍ॅना थिन या बाईंना मॅड्रेपोर जातीचे प्रवाळ मिळाले. बाईंचे यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत धर्माधिकारी होते. त्यांनी प्रवाळ लंडनला नेले. तिथे समुद्राचं पाणी आणवावं लागे आणि ते लवकर शिळं होई. मग घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी बसून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राही. जगातला पहिला एअर पंप म्हणजे त्या मोलकरणीचे दोन हात. पण तिचं नाव कोण विचारतो! पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात जिवंत समुद्री शेवाळ ठेवलं. शेवाळ प्राणवायू देतं, पाणी ताजं राहतं, एवढा साधा हिशेब. ते प्रवाळ जवळपास तीन वर्षं जगले.

त्याच सुमारास लंडनमध्येच रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ गोड्या पाण्यात हाच हिशेब मांडत होता. मोठ्या भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती तो घेते, ताळेबंद जुळतो. पण जुनी पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टनने पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाऊन टाकलं आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. पुढे खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत पेरिविंकल ही किनाऱ्यावरची गोगलगाय हेच काम करू लागली. आज दुकानदार 'क्लीन-अप क्रू' म्हणून जे विकतो, ते एवढं जुनं आहे.

नंतर इंग्लंडमध्ये घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं, आणि बहुतेकांच्या टाक्या हिरव्या होऊन त्यांचा उत्साह मावळला. तिथे विल्यम अल्फर्ड लॉईड हा माणूस पुढे येतो. मला हा फार आवडतो, कारण हा खरा क्वार्टरमास्टर. लॉईडच्या लक्षात आलं की हिरवं झालेलं पाणी अंधारात ठेवलं की स्वच्छ होतं. उजेड हाही शिधाच आहे! आधी हॅम्बुर्गला आणि मग १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने जे मत्स्यालय उभारलं, त्यात लोकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा हौद जमिनीखाली, अंधारात होता. पाणी सतत वर-खाली फिरत राही. आज आपण टाकीखालच्या कपाटात जो संप ठेवतो, त्याचा खापरपणजोबा तो.

पण या पद्धतीने उष्ण कटिबंधातले प्रवाळ जगणार नव्हते. त्यांना प्रखर उजेड लागतो. का लागतो, हे कळायला आणखी बराच काळ गेला. १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर तेरा महिने राहिली. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म तपकिरी पेशी असतात आणि अंधारात कोंडलं की प्रवाळ त्या बाहेर टाकतो, हे त्यांनी पाहिलं. पुढे पलाऊ बेटावरच्या जपानी संशोधन केंद्रात सिरो कावागुती यांनी या पेशी डायनोफ्लॅजेलेट गटातल्या असल्याचं १९४४ मध्ये मांडलं. सोप्या भाषेत सांगायचं तर प्रवाळाच्या पोटात शेवाळच राहतं आणि उन्हावर शिजवलेलं अन्न यजमानाला देतं. आता तुम्हीच सांगा, टाकीत शेवाळनाशक ओतायचं म्हणजे कुणावर? शत्रूचा गणवेश आणि आपला गणवेश एकच आहे.

मग उजेड तर तोडता येत नाही. उरतं ते खत: नायट्रेट आणि फॉस्फेट. ते येतं माशांच्या खाण्यातून, विष्ठेतून आणि नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातून. अमेरिकेच्या अल्फ्रेड रेडफिल्डनी समुद्रातल्या तरंगत्या सूक्ष्म जीवांचं प्रमाण मांडलं: कार्बनचे १०६ अणू, नायट्रोजनचे १६ आणि फॉस्फरसचा १. तळाला चिकटून वाढणाऱ्या समुद्री वनस्पतींचा असाच हिशेब १९८३ मध्ये अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी केला, तेव्हा ५५०, ३० आणि १ असं प्रमाण निघालं. फॉस्फरसच्या एका अणूवर कार्बनचे साडेपाचशे! इतक्या कमी शिध्यावर एवढी फौज उभी करणारा शत्रू मी तरी पाहिलेला नाही. चिमूटभर जास्त खाणं पडलं तर आठवड्याने खडकावर मूठभर हिरवळ का दिसते, याचं उत्तर या आकड्यात आहे.

हे खत काढायचे मार्ग दोन टोकांना सापडले. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली. यंत्र जवळजवळ नाहीच. समुद्रातले जिवंत खडक, ताजं समुद्रपाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे. त्या खडकांच्या पोटात प्राणवायू पोहोचत नाही अशा जागी राहणारे जिवाणू नायट्रेटचं रूपांतर नायट्रोजन वायूत करतात आणि तो उडून जातो. पाश्चात्त्य हौशी मंडळींनी हे फारसं मनावर घेतलं नाही. ज्याच्या दारात समुद्र आहे त्याला सगळं सोपं, असं त्यांना वाटलं असावं.

दुसरं टोक जर्मनीचं. तिथे समुद्र लांब, ऊन कमी. पीटर विल्केन्स आणि बर्लिनच्या हौशी लोकांनी १९७० च्या दशकापासून तीन गोष्टी जमवल्या: जिवंत खडक, प्रखर दिवे आणि प्रोटीन स्किमर. स्किमर म्हणजे बारीक बुडबुड्यांचा फेस करून पाण्यातली घाण कुजण्याआधीच वर काढणारं नळकांडं. डाळ शिजताना वर आलेला फेस आपण चमच्याने काढतो, तसंच. चौथी गोष्ट तर आपल्या पानाच्या डब्यातली: चुन्याची निवळी. ती थेंबथेंब सोडली की प्रवाळाला कॅल्शियम मिळतं आणि थोडं फॉस्फेट खाली बसतं. अमेरिकेत मात्र १९८० च्या दशकात पाणी झिरपवणाऱ्या ट्रिकल फिल्टरची लाट आली. तो अमोनियाचं नायट्रेट झकास करत असे, आणि ते नायट्रेट टाकीतच साठत असे. म्हणजे शत्रूच्या कोठाराला आपणच पोती पुरवायची. नंतर अनेकांनी त्या फिल्टरमधले प्लास्टिकचे गोळे काढून टाकले आणि बर्लिनचा रस्ता धरला.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी सगळा डावच उलटा मांडला. कॅरिबियन समुद्रात त्यांनी पाहिलं होतं की निरोगी प्रवाळ-भिंतीवरही शेवाळ भरपूर उगवतं, फक्त ते तितक्याच वेगाने खाल्लं जातं. मग शेवाळ उगवू द्यावं, पण आपण ठरवू त्या जागी. जाळीवरून लाटेसारखं पाणी सोडायचं, वर दिवा लावायचा, वाढलेलं शेवाळ नियमित खरवडून फेकायचं. त्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरसही बाहेर जातं. १९८२ मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं. पाणी पिवळसर होतं, अशी टीका झाली, आणि ती निराधार नव्हती. तरीही आज संपमध्ये उलट्या वेळेला दिवा लावून शेवाळाचा गोळा वाढवणारे सगळे एडींचे ऋणी आहेत. अ‍ॅना थिन यांचा दोस्त परत नोकरीवर आला, एवढंच. फक्त आता त्याची बरॅक वेगळी.

शेवाळ खाणारे नाहीसे झाले तर काय होतं, याचा प्रयोग समुद्राने स्वतःच करून दाखवला. जानेवारी १९८३ मध्ये पनामाजवळ डायडेमा नावाचे लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन रोगाने मरू लागले. साधारण वर्षभरात रोग अख्ख्या कॅरिबियनमध्ये पसरला आणि नव्वद टक्क्यांहून अधिक डायडेमा संपले. जमैकात शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच पकडून कमी केले होते. गढी राखणारी शेवटची तुकडी ती होती, आणि ती गेली. टेरेन्स ह्यूजेस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार जमैकाच्या भिंतींवरचं प्रवाळ ५० टक्क्यांच्या वरून ५ टक्क्यांच्या खाली आलं आणि शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. त्याआधी १९८० च्या ऍलन वादळाचा तडाखा बसला होता, हेही खरं. पण वादळं त्या समुद्रात पूर्वीही येत होती आणि प्रवाळ पुन्हा उभं राहत होतं.

आता ज्या भागासाठी मी ही कथा सांगायला घेतली, तो. टाकीत खत शोषायला लोक कॉलर्पा नावाचं देखणं, पिसासारखं शेवाळ लावत. कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक थंडी सोसणारा वाण जर्मनीच्या श्टुटगार्ट इथल्या प्राणिसंग्रहालयाच्या टाक्यांत वाढवला गेला आणि तिथून दुसऱ्या मत्स्यालयांत गेला. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या बरोबर खाली, भूमध्य समुद्रात त्याचा सुमारे एक चौरस मीटरचा तुकडा दिसला. अलेक्झांडर मिनेझ या फ्रेंच शास्त्रज्ञाने धोक्याचा इशारा दिला. हे मत्स्यालयातून आलं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. १९९८ मध्ये डीएनए तपासणीने वाण तोच असल्याचं दाखवलं. तोवर ते हजारो हेक्टरांवर पसरलं होतं. ते विषारी रसायन बनवतं, म्हणून फारसं कुणी खात नाही, आणि लहानसा तुकडाही पुन्हा रुजतो.

जून २००० मध्ये हाच वाण कॅलिफोर्नियात कार्ल्सबॅडच्या खाजणात सापडला. तिथल्या लोकांनी मात्र आदेशाची वाट पाहिली नाही. काही दिवसांतच ताडपत्र्या टाकून खाली क्लोरीन सोडलं. सहा वर्षं पाणबुडे तळ तपासत राहिले. २००६ मध्ये निर्मूलन जाहीर झालं, खर्च सत्तर लाख डॉलरच्या आसपास. दोन सैन्यांपुढे एकच शत्रू होता. एकाने एक चौरस मीटर असतानाचे दिवस वादात घालवले, दुसऱ्याने नाही. फौजी माणसाला यापेक्षा अधिक भाष्य करायची गरज वाटत नाही.

आपल्याकडे अशी नोंद मन्नारच्या आखातातली. कॅराजीनन या घट्ट करणाऱ्या द्रव्यासाठी लागवडीला आणलेलं कॅपाफायकस हे परदेशी समुद्री शेवाळ कुरुसडई बेटाजवळच्या जिवंत प्रवाळावर चढल्याचं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं. लागवडीतून किनाऱ्यावरच्या बायकांना रोजगार मिळतो, हेही तितकंच खरं, त्यामुळे तो वाद सोपा नाही. टाकीवाल्यांचा वाद मात्र सोपा आहे. भारतात २००१ पासून खडक बांधणारे सर्व प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवण असो की लक्षद्वीप, तिथून काढलेला तुकडा कुणी स्वस्तात देऊ लागला तर नको म्हणा.

शेवटी तुमचा प्रश्न. अलीकडच्या काळात लोकांनी रसद पूर्ण तोडायचाही प्रयत्न केला. जिवाणूंना कार्बन मिळावा म्हणून टाकीत मोजून वोडका घालण्याची पद्धत जर्मनीतून आली (आमच्या मेसमध्ये हे ऐकून लोक हळहळले असते). नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेलं, तर अनेक टाक्यांत हिरवं शेवाळ गेलं, प्रवाळ फिके पडले आणि त्यांच्या जागी तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारे डायनोफ्लॅजेलेट आले. म्हणून शून्य नको. थोडं राहू द्या. पाणी आरओ-डीआयचंच वापरा, टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत. खाणं निम्मं करा. गोगलगायी आधी सोडा, मासे नंतर वाढवा. केसाळ शेवाळ हाताने उपटा, दर रविवारी, न कंटाळता. उपटलेलं शेवाळ बेसिनमध्ये, नाल्यात, खाडीत टाकायचं नाही. पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग कचऱ्यात. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी पालकाची भाजी समजून फोडणी देईल.