गाठीचा जमाखर्च

शाळेत इतिहासात मला पस्तीसच्या वर गुण कधी पडले नाहीत. म्हणून घरच्यांनी कॉमर्सला घातले आणि कॉमर्सने बँकेच्या काउंटरमागे नेऊन बसवले. तरी आज इतिहास लिहितो आहे, कारण गेल्या होळीला माझ्या भाचीने तशी वेळ आणली.

आमच्या घरची रीत अशी, की होळीला मामाने भाचरांच्या गळ्यात साखरेची गाठी घालायची. मी अमरावतीला, बहीण अकोल्याला. शंभरेक किलोमीटर एस.टी.त गाठी मांडीवर जपत न्यायची; तरी मूर्तिजापूर येईपर्यंत पदकाचे दोन तुकडे होतातच.

यंदा भाची म्हणाली, "मामा, गाठी आता कोणी खाऊन नाही राह्यलं. मी कपकेक केले." समोर बारा कपकेक, डोक्यावर गुलाबी आइसिंगचे फेटे!

मी म्हटले, "होळीला हे विलायती कशाला?"

बहीण आतून म्हणाली, "दादा, तुह्या गाठीची साखर का आपल्या वावरात पिकते?"

मुद्दा बिनतोड होता. आमच्या वावरात कापूस. साखर बाहेरून यायची. शिवाय साखरेइतका प्रवास कोणत्याच पदार्थाने केला नसेल. सिकंदराचा सरदार निआर्कस इकडे आला, तेव्हा मधमाश्यांवाचून मध देणारे बोरू पाहून चकित झाला. तो आपला ऊस. पुढे आपली शर्करा अरबांकडून फिरत इंग्रजांची शुगर झाली, खंडाची कँडी झाली. कपकेकही काही कालचे पोर नव्हे. १७९६ साली अमेरिकेत अमेलिया सिमन्सबाईंनी पाकपुस्तकात लहान कपांत भाजायचा केक दिला, आणि १८२८ साली एलायझा लेस्लीबाईंनी 'कप केक' हे नाव छापले. तिकडे पीठ कपात ओततात, इकडे पाक साच्यात. पाकात थोडे दूध घालून मळी काढायची, लाकडी साच्यात दोरा ठेवून वर पाक ओतायचा. निवला की झाली गाठी. म्हणजे गाठी आणि कपकेक दूरचे मावसभाऊच!

पण हिशेब इथे मिटत नाही. माझ्या लहानपणी साखर रेशनवर. १९६७ पासून कारखान्यांची काही साखर सरकार लेव्हीने घेई, ते २०१३ साली थांबले. त्या काळात होळीनंतरचे आठ दिवस आमच्या घरी चहात गाठीचेच तुकडे पडत. १९९१ साली माझे वडील आणि मामा यांचे उसनवारीवरून बिनसले. मामा आला नाही. गाठी मात्र आली. "मामानं धाडली," आई म्हणाली. ती तिने स्वतः बाजारातून, किराण्याचे पैसे मोडून आणली होती, हे मला नोकरी लागल्यावर कळले.

तेव्हापासून मी समजतो, गाठी ही खायची वस्तू नव्हे. मामा येऊन गेल्याची ती पावती आहे. आणि आईने ती एकदा खोट्या सहीने फाडली होती.

हे मी भाचीला सांगितले. ती काही बोलली नाही. तुटलेली गाठी तिने गळ्यात घालून घेतली, खाली पडलेला चुरा बाराही कपकेकांवर भुरभुरला आणि सहा डब्यात घालून मला दिले.

परतताना डबा मांडीवर होता. मूर्तिजापूर येईपर्यंत फेटे सगळे उतरले होते.