उंबऱ्याबाहेरचा शिधा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरी वाणसामानाची यादी होते. सौभाग्यवती एकेक डबा उघडून सांगत जाते आणि मी लिहीत जातो. चणाडाळ किती, रवा किती, गोडेतेल डब्याने घ्यायचे की सुटे आणायचे, यावर थोडा वाद होतो. तो झाला नाही तर सण आल्यासारखे वाटत नाही. मागच्या वर्षीचा अंदाज हाताशी असावा म्हणून या याद्या मी तारेला टोचून ठेवतो. यंदा ती तार काढली तेव्हा मधूनच एक निराळा कागद हाती आला. कॅलेंडरच्या पानाची पाठकोरी बाजू, आणि वर महिना ऑगस्ट २०२०. ज्वारीचे पीठ पाच किलो, तूरडाळ दोन किलो, गोडेतेल, चहा, साखर, मीठ, सुंठ, डझनभर लिंबे, कापूर. सर्वांच्या खाली पेन्सिलीने लिहिलेले होते : पिशवी कट्ट्यावर ठेवून बेल वाजवणे.

माझी हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. लढाया, तह, राज्यारोहणे यांची साले मुलांकडून घोकून घेतली. महामारीचा उल्लेख धड्यात आला तर किती माणसे दगावली तो आकडा सांगून मी पुढे जात असे. जी माणसे जगली ती बंद दाराआड काय खाऊन जगली, त्यांच्या घरात मीठ कोणी आणून टाकले, हा प्रश्न मी कधी फळ्यावर लिहिला नाही. तो प्रश्न मला माझ्याच दारावर चिकटवलेल्या कागदाने विचारला.

२०२० सालचा तो काळ वाचकांच्या स्मरणात आहेच, तेव्हा विस्तार करीत नाही. १३ मार्चला महाराष्ट्रात साथरोग कायदा लागू झाला. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदीची घोषणा झाली. आमच्या सोलापुरात पहिल्या रुग्णाची नोंद १२ एप्रिलला झाली आणि मग शहराच्या गल्ल्यांच्या तोंडांशी एकामागून एक बांबू बांधले जाऊ लागले. आषाढीला, १ जुलै रोजी, पालख्यांतील पादुका एसटीच्या गाड्यांतून पंढरपुरास गेल्या. जुलैतच शहरात पुन्हा कडक संचारबंदी झाली. ऑगस्टात आमच्या मुलाचा तपासणीचा अहवाल आला. त्याला उपचार केंद्रात नेले आणि आम्ही दोघे व सून अशा तिघांना चौदा दिवस घराबाहेर पाऊल टाकण्याची बंदी झाली. दारावर कागद लागला, दारापुढे आडवा बांबू आला.

पहिल्या दिवशी मुलाच्या काळजीपुढे दुसरे काही सुचले नाही. दुसऱ्या दिवशी दूध संपले. किराणा दुकान आमच्या दारापासून वीस पावलांवर आहे. आमचे वाणीअप्पा गल्ल्यावर बसलेले खिडकीतून दिसत होते. दुकानात धान्य होते, माझ्या खिशात पैसे होते, आणि मधली वीस पावले चालता येत नव्हती. टंचाई आणि साथ यांतला भेद मला त्या खिडकीत उमगला. दुष्काळात धान्यच नसते. साथीत धान्य असते. तुटतात ती एवढीच वीस पावले.

ही पावले कोणी चालायची, हा प्रश्न फार जुना आहे. १३७७ साली एड्रियाटिक समुद्राकाठच्या रगुसा नगराने, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकने, साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस गावाबाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस झाले आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द जगाला मिळाला. लंडनमध्ये १६६५ च्या प्लेगात रोग्याचे घर चाळीस दिवस बंद करीत, दारावर तांबडा क्रूस रंगवीत आणि बाहेर रात्रंदिवस पहारेकरी ठेवीत. या पहारेकऱ्याविषयीच्या हुकमात एक कलम मोठे बोलके आहे. घरातल्यांना जे हवे-नको ते त्यानेच आणून द्यावे, आणि त्या कामासाठी जाताना दाराला कुलूप घालून किल्ली आपल्याबरोबर न्यावी! तुरुंगाचा शिपाई आणि घरचा गडी ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे आली होती. दारावरच्या खुणेचे म्हणाल तर ती साडेतीनशे वर्षांनी आमच्याही दारावर आली. अशी पत्रके सरसकट लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले, तोवर आमचा कागद पावसाने गळून पडला होता.

त्याच प्लेगात इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील ईम नावाच्या खेड्याने एक अपूर्व गोष्ट केली. लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तेथे रोग शिरला होता. १६६६ च्या उन्हाळ्यात विल्यम मॉम्पेसन या धर्मोपदेशकाच्या सांगण्यावरून गावाने ठरवले, की रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून आपण सीमा ओलांडायची नाही. सीमेवर एक शिळा होती. तिला भोके होती. त्यांत व्हिनेगर घालून गावकरी नाणी टाकीत, आणि शेजारच्या गावचे लोक शिधा ठेवून ती नाणी उचलून नेत. डेव्हनशायरच्या अर्लनेही धान्य पाठवले. ती शिळा आजही दाखवतात.

आपल्याकडे मात्र प्लेगाने उलटी तऱ्हा केली. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत हा रोग ओळखला तो मांडवी भागात, म्हणजे बंदराजवळच्या धान्याच्या वखारींत. वखारीत धान्य, धान्यापाशी उंदीर आणि उंदरांच्या अंगावर पिसवा, अशी ती साखळी होती. पिसवांचे हे कारस्थान पोल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. पण शास्त्रज्ञांना ते पुरते पटायला आणखी काही वर्षे जावी लागली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला; २०२० साली लागू केला तो हाच. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे झडली, आणि २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. सोलापूर १८६० पासूनच लोहमार्गावर होते, गिरण्यांनी भरले होते. तेही प्लेगातून सुटले नाही.

माझ्या आजीचे माहेर येथल्या कसब्यातले. लहानपणी पाहिलेला प्लेग ती आम्हांला सांगे. ‘उंदीर पडला’ असे कोणी म्हटले, की त्या शब्दांनीच घर हादरे. उंदीर पडला म्हणजे घर सोडायचे. बळदात भरलेली ज्वारी तशीच टाकून, दाराला कुलूप लावून सारा वाडा गावाबाहेर माळावर झोपड्यांत जाई. आमच्यावर घराबाहेर पडू नका अशी सक्ती झाली. त्यांना घरात राहू नका असे मरणच सांगे. माळावर चुली पेटत, पोरे आनंदाने उंडारत. आजीच्या सांगण्याप्रमाणे वाणीही आपले बोचके घेऊन तेथेच झोपडी घाली आणि कोणाकडे काय गेले ते लक्षात ठेवी. हिशेब पुढच्या सुगीला होई. बायका एका दमात चाळीस-पन्नास कडक भाकरी करून ठेवीत. पातळ थापलेली आणि खडखडीत वाळवलेली ज्वारीची किंवा बाजरीची ही भाकरी महिनाभर टिकते. तिच्याबरोबर शेंगांची चटणी असली की कालवणावाचून अडत नाही. आता शहरोशहरी कौतुकाने विकत मिळणारी ही चीज आमच्या कोरड्या मुलखाची जुनी शिदोरी आहे.

एकदा, मी मॅट्रिकला असेन, आजीला विचारले, “माळावर सरपण कोण आणून टाकी? मागे घरात मेलेले उंदीर कोण काढी?” ती जरा थांबून म्हणाली, “ती माणसं यायची. त्यांना भाकरी द्यायचो ना आम्ही. वरून टाकायचो पदरात.” इतके बोलून तिने दुसरी गोष्ट काढली. त्या माणसांच्या झोपड्या माळावरही निराळ्या होत्या. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी जो सत्याग्रह झाला, तो मी मुलांना पुढे कितीतरी वर्षे शिकवला; आजीच्या त्या वाक्याशी त्याचा संबंध मात्र कधी जोडला नाही. ऑगस्टात दुकानातला पोरगा आमच्या कट्ट्यावर पिशवी ठेवून, बेल वाजवून, चार पावले मागे सरून उभा राहिला, तेव्हा मला आजीचे ‘वरून’ आठवले. त्या पोराचे काही चुकले नव्हते. रोगासाठी, चौदा दिवसांपुरते, तो लांब उभा राहिला एवढेच. तरीही मला ते झोंबले. ज्यांना पिढ्यान् पिढ्या विनाआजार असे उभे केले, त्यांना काय वाटत असेल याचा अंश मला सत्तरीत कळला.

अप्पांनी आमची यादी फोनवर घेतली होती. तांदूळ चिमटीत घेऊन पाहिल्याशिवाय सौभाग्यवतीने आजवर कधी घेतला नाही. त्या दिवशी अप्पा म्हणतील तो चांगला. पैशाचे विचारले तर म्हणाले, “सर, पोरगं घरी येऊ द्या आधी. हिशेब दिवाळीला बघू.” ईमच्या शिळेपाशी नाणी व्हिनेगरमध्ये बुडवावी लागली; आमच्याकडे वाण्याच्या वहीने ती अडचण टाळली.

आलेले सामान आम्ही साबणाच्या पाण्याने पुसले, डाळीची पाकिटे दिवसभर उन्हात ठेवली, लिंबे तीनदा धुतली. वस्तूंना हात लावून हा रोग फारच क्वचित होतो, तो मुख्यतः श्वासावाटे हवेतून पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. प्लेगाच्या दिवसांत धान्याची पोती निर्धास्तपणे गावोगाव गेली आणि त्यांच्याबरोबर उंदीर-पिसवाही गेल्या; आम्ही मात्र निरुपद्रवी डाळीला आठ दिवस घाबरत बसलो. माणसाची भीती पुष्कळदा चुकीच्या दारावर पहारा देते.

आता जे सांगायचे ते सांगणे जड जाते. आमच्या समोर एक पद्मशाली कुटुंब राहते. घरधनी यंत्रमागावर कामाला, बायको विड्या वळते. टाळेबंदीत माग थांबले. विड्यांसाठी पाने-तंबाखू मिळेना, तेव्हा तीही मजुरी थांबली. मे महिन्यात त्यांचे घर असेच बंद झाले होते. सरकारी योजनेतून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळत होते हे खरे. पण रेशनच्या दुकानापर्यंत जायचे कोणी? पुढे तेथेही वीस पावलांचीच गोष्ट होती. आणि मी काय केले? त्यांच्या बाजूची खिडकी लावून घेतली. चौदा दिवस ती उघडली नाही. वय झाले आहे, जपले पाहिजे, असे मी घरात म्हणालो आणि कोणी प्रतिवाद केला नाही. पिशवी ठेवून मागे सरणे मला तेव्हाही जमले असते.

आमच्या बंदीच्या पाचव्या दिवशी सकाळी बेल वाजली. अप्पांकडे काही सांगितलेले नव्हते. खिडकीतून पाहिले तर समोरच्या अक्का रस्त्याच्या मध्यावर उभ्या. “सर, दार आत्ता उघडू नका. मी गेल्यावर घ्या,” असे म्हणून त्या वळल्या. कट्ट्यावर वर्तमानपत्रात बांधलेल्या कडक भाकरी होत्या, वीसेक तरी असतील, आणि एका बरणीत शेंगांची चटणी. सौभाग्यवतीने ते आत घेतले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, “मे महिन्यात त्यांनी काय खाल्लं असेल हो?” मला उत्तर माहीत नव्हते. आजतागायत मी ते अक्कांना विचारलेले नाही.

मुलगा बरा होऊन घरी आला. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होते. सकाळी अप्पांच्या दुकानी जाऊन ऑगस्टचा हिशेब पुरा केला. त्यांनी रकमेवर आडवी रेघ मारली आणि हातावर बत्तासे ठेवले. तो व्यवहार तेथे मिटला. फराळाचे डबे एरवी सून पोहोचवते. समोरच्या घरचा डबा त्या दिवशी मी उचलला, चपला घातल्या आणि स्वतः घेऊन गेलो. रस्ता अरुंद आहे, पुरती वीस पावलेदेखील भरत नाहीत. अक्कांनी, “सर, तुम्ही कशाला आलात?” म्हणत पाट मांडला, डबा रिकामा करून त्यात मूठभर शेंगा घातल्या, कारण डबा रिकामा परत द्यायचा नसतो. तेव्हापासून दर दिवाळीला तो डबा मीच नेतो. यंदाच्या यादीत त्यासाठी रवा अर्धा किलो जास्त लिहिला आहे. त्यावर मात्र वाद झाला नाही.