मानवाच्या पोथीची जुळणी

एखाद्या पोथीच्या अनेक प्रती कुणी फाडल्या आणि त्या चिंध्यांतून मूळ ग्रंथ पुन्हा सिद्ध करण्यास सांगितले, तर पंडित काय करील? एका तुकड्याच्या शेवटची अक्षरे दुसऱ्याच्या आरंभी कोठे येतात हे तो पाहील आणि तुकड्याला तुकडा जोडीत जाईल. विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांना डी.एन.ए. वाचताना हेच करावे लागले. कारण त्यांच्या साधनांना एका वेळी काही शेच अक्षरे वाचता येत.

१९७७ साली केंब्रिज येथे फ्रेडरिक सँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विषाणूची सुमारे ५,४०० अक्षरे वाचली. १९७९ मध्ये तेथीलच रॉजर स्टेडन यांनी तुकडे जुळविणाऱ्या संगणक-आज्ञावल्या प्रसिद्ध केल्या. मानवाच्या जनुकसंचात मात्र सुमारे ३ अब्ज अक्षरे. त्यांतही निम्म्याच्या आसपास मजकूर पुनरुक्त. प्रत्येक कडव्यानंतर तेच पालुपद यावे, मग हाती आलेले पालुपद कोणत्या कडव्याचे हे कसे ठरवावे?

१९९० मध्ये सुरू झालेल्या सार्वजनिक प्रकल्पापुढे १९९८ साली क्रेग व्हेंटर यांची सेलेरा ही खाजगी कंपनी उभी राहिली. युजीन मायर्स प्रभृतींची समर्थ आज्ञावली तिच्यापाशी होती. सार्वजनिक प्रकल्पापाशी तुकडे होते, जुळणी नव्हती. मानवाची पोथी पेटंटांच्या कुलपात जाईल, ही भीती अनेकांना वाटत होती.

अशा वेळी, मे २००० मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रुझ शाखेतील जिम केंट हा चाळिशीचा विद्यार्थी पुढे आला. त्याचे मार्गदर्शक डेव्हिड हॉसलर यांनी शंभर साध्या संगणकांची सोय केली. रात्री मनगटांवर बर्फ ठेवीत केंटने सुमारे ४ आठवड्यांत १०,००० ओळींची आज्ञावली लिहिली. २२ जून रोजी जुळणी सिद्ध झाली; सेलेराची त्यानंतर तीनच दिवसांनी. २६ जूनला व्हाइट हाउसमध्ये दोन्ही पक्षांची एकत्र घोषणा झाली आणि ७ जुलैला सार्वजनिक जुळणी इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुली झाली.

तो मसुदा सदोष होता. २००३ मध्ये प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तरी पुनरुक्तीच्या जागा रिकाम्याच होत्या. लांब तुकडे वाचणारी यंत्रे आल्यावर २०२२ मध्ये त्या भरल्या. परंतु ग्रंथ सर्वांचा असावा, हा निर्णय त्याच्या अपुऱ्या प्रतीनेच घडविला. ग्रंथ शुद्ध करणारे पुढे अनेक येतात. तो आधी लोकांच्या हाती यावा लागतो.