जुन्या गाडीचा ब्रेक होज पाईप : कसा तपासावा, कधी बदलावा

सिंदेवाही : तालुक्यातल्या गावोगावी मारुती ८००, ओम्नी, जुनी बोलेरो, कमांडर जीप अशा गाड्या आजही रोजच्या कामाला आहेत. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, म्हणजे रस्त्यावरची सर्वांत नवी ८०० सुद्धा दहा वर्षांच्या वरची आहे. अशा गाडीचे लायनर, पॅड आपण बदलतो. पण चाकाजवळचा रबरी होज पाईप कंपनीतून आला तोच असतो. मूल किंवा नागभीडकडे रात्री जंगलातून जाताना समोर अचानक रानडुक्कर, चितळ आले, तर सगळा भार याच वीतभर पाईपवर येतो.

होज पाईप म्हणजे काय?

मास्टर सिलिंडरपासून ब्रेक ऑईल लोखंडी नळीतून येते. पण चाक वरखाली होते, पुढचे चाक वळते, तिथे लोखंडी नळी चालत नाही. म्हणून शेवटी रबरी पाईप लावतात. आत रबर, मध्ये दोऱ्यांचे विणकाम आणि बाहेर परत रबर, अशी त्याची रचना असते. पुढे दोन आणि मागे मॉडेलप्रमाणे एक किंवा दोन असे पाईप असतात.

आपल्याकडचे उन्हाळ्याचे ऊन, रोवणीतला चिखल आणि धानाच्या कोठाराजवळचे उंदीर, तिघेही या रबराचे वैरी. गाडी नुसती उभी राहिली तरी रबर कडक होतेच.

डोळ्याने काय पाहायचे?

महिन्यातून एकदा, चाके धुऊन, बॅटरीच्या उजेडात पाहा. पाईप हाताने थोडा वाकवा, कारण सरळ असताना भेगा दिसत नाहीत.

- बारीक भेगा, आतले दोरे दिसणे, उंदराने कुरतडल्याची खूण
- पाईपवर किंवा जोडावर ओलसरपणा
- दोन्ही टोकांच्या लोखंडी टोपीवर खोल गंज
- टायर किंवा पत्र्याला घासल्याचा चट्टा
- दुसऱ्याने ब्रेक जोरात दाबल्यावर पाईपला येणारा फुगा

यातले एकही दिसले तरी पाईप बदला. टेप गुंडाळणे, पट्टी आवळणे हे उपाय इथे चालत नाहीत.

बाहेरून चांगला, आतून बंद

खरा धोका इथे आहे. जुन्या पाईपचे आतले रबर सुजते किंवा त्याची सालपटे निघतात. पाय दाबला की ऑईल जोराने पुढे जाते, पण पाय काढल्यावर परत येत नाही. मग ते चाक धरून राहते, तापते, गाडी एका बाजूला खेचते आणि ॲव्हरेज पडते. लोक अलाइनमेंट करतात, पॅड बदलतात, पण दोष तसाच राहतो.

ओळखायचे कसे? गाडी सपाट जागी नीट टेकवून चाक उचला. ब्रेक दाबून सोडा. चाक हाताने फिरत नसेल, तर आधी पाईपच्या वरचा, लोखंडी नळीचा जोड किंचित सैल करा. तरी चाक मोकळे झाले नाही, पण चाकाजवळचे एअर काढायचे निप्पल उघडताच मोकळे झाले, तर पाईप आतून बंद आहे. वरचा जोड सैल करताच मोकळे झाले, तर दोष मास्टर सिलिंडरच्या बाजूला शोधा. दोन्ही वेळा मोकळे झाले नाही, तर कॅलिपर किंवा लायनर अडकला आहे. तपासणीनंतर जोड आवळून एअर काढायला विसरू नका.

बदलताना

काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण पुढच्या गोष्टींवर आपले लक्ष असू द्या.

१. गाडी नुसत्या जॅकवर नको. घोडी लावा, बाकीच्या चाकांना ठोकळे द्या.
२. आधी लोखंडी नळीचा नट सोडवावा. पाईपचे टोक दुसऱ्या पान्याने धरून ठेवावे, नाहीतर नळी पिळून तुटते.
३. कॅलिपर पाईपवर लोंबकळू देऊ नये, तारेने बांधावा.
४. बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवेच टाकावे.
५. नवा पाईप पिळ न पडता बसवावा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून तो कुठे ताणत किंवा घासत नाही ना, हे पाहावे.
६. एका बाजूचा खराब झाला, तर त्याच ॲक्सलचा दुसराही बदलावा.

पाईप घेताना भारतीय मानक आयएस ७०७९ आणि तयार झाल्याची तारीख पाहा. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला पाईप नवा म्हणून घेऊ नका.

एअर काढणे

टाकीच्या झाकणावर लिहिलेले, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलेच ऑईल वापरा. इंजिन ऑईल किंवा डिझेल थोडे जरी पडले तरी ब्रेकची सगळी रबरे फुगतात. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निप्पल उघडावे, ऑईल आणि बुडबुडे बाहेर आले की निप्पल बंद करावे. त्यानंतरच पेडल सोडावे. टाकी रिकामी होऊ देऊ नका. निघालेले ऑईल परत वापरू नका. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. पाय हळूहळू खाली जात असेल किंवा जोड ओला झाला, तर गाडी रस्त्यावर काढू नका. सगळे ठीक असेल, तर आधी मोकळ्या जागेत हळू चालवून पाहा.

चालत्या गाडीत पेडल खाली गेले तर

पेडल भराभर मारा, गिअर एकेक कमी करा, हँडब्रेक हळूहळू ओढा. हँडब्रेक साधारणपणे केबलवर चालतो, ऑईल गेले तरी तो काम करतो. इंजिन बंद करू नका.

खासगी गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपली की आरटीओत तपासणी होऊन पुढची ५ वर्षे मिळतात. पण होज पाईप त्या तारखेची वाट पाहत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि धान कापणीनंतर एकदा, चारही चाकांजवळ वाकून पाहाच.