मेबेलचा अंगठा

१ ऑगस्ट १९२७, सोमवार. तुम्ही ब्रिस्टल गावात स्टेट स्ट्रीटवर उभे आहात. रस्त्याची एक कड टेनेसी राज्यात, दुसरी व्हर्जिनियात. हॅट कंपनीच्या इमारतीचा जिना चढून वर या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर ब्लँकेटं टांगली आहेत. व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा राल्फ पीअर इथं डोंगराळ भागातले गाणारे शोधायला आलाय. पसंत पडलं, तर गाण्यामागे पन्नास डॉलर.

पंचवीसेक मैल खडबडीत वाटेनं कार्टर मंडळी आली आहेत. ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि साराची जाऊ मेबेल. मेबेल अठरा वर्षांची, दिवस भरत आलेले. गिटार पोटाशी धरून बसायचीच पंचाईत. सारा गाते आहे, पण तुम्ही जरा पुढे सरका आणि मेबेलचा उजवा हात बघा. अंगठा जाड तारांवर गाण्याची चाल वाजवतोय आणि त्याच वेळी बोटं बारीक तारांवरून खालीवर फिरत ठेका धरतायत. एकट्या माणसानं पेटी आणि तबला दोन्ही सांभाळावं, तसं. गिटारनं गाणाऱ्याच्या मागे नुसता ठेका धरायचा, असा तोवरचा रिवाज. या वाजवण्याला पुढे ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणतील.

वर्षभरानं तिच्या हातात २७५ डॉलरची गिब्सन एल-५ आहे. ब्रिस्टलच्या दरानं साडेपाच गाण्यांची कमाई! याच सुमारास घरी लेस्ली रिडलचं येणं-जाणं सुरू होतं. किंग्सपोर्टचा हा कृष्णवर्णीय गिटारवादक. ए. पी. त्याला बरोबर घेऊन गावोगाव गाणी गोळा करत हिंडतो, शब्द ए. पी. कागदावर उतरवतो, चाल रिडल डोक्यात ठेवतो. तो घरी वाजवायला बसला, की मेबेल त्याची बोटं न्याहाळते आणि उचलते. रेकॉर्डवर मात्र नाव कार्टरांचंच. रिडलच्या वाट्याचं श्रेय त्याला कितीतरी उशिरा मिळणार आहे.

आता १९३९. टेक्सासच्या डेल रिओ गावात या. नदीपलीकडे मेक्सिकोत एक्सईआरए रेडिओचा मनोरा आहे. अमेरिकेत ५० हजार वॉटची मर्यादा. हे केंद्र सीमेपार असल्यानं त्याला ती लागू नाही. मालक डॉ. ब्रिंकली, बोकडाच्या ग्रंथी बसवून पौरुष परत आणून देतो म्हणणारा! अशा माणसाच्या रेडिओवर, औषधांच्या आणि केसांच्या कलपाच्या जाहिरातींमधून कार्टरांची गाणी रात्री देशभरच्या शेतघरांत पोचतात. सारा आणि ए. पी. यांचा घटस्फोट झालाय, तरी माइकसमोर दोघं एकत्र उभी राहतात. १९४३मध्ये मात्र मूळ संच मोडतो.

मेबेल थांबत नाही. हेलन, जून आणि अनिता या तिन्ही मुलींना घेऊन ती रेडिओ स्टेशनं पालथी घालते आणि १९५०मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात पोचते. पण तिथून काही वर्षं पुढे गेलात, तर ती तुम्हाला भलत्याच ठिकाणी भेटेल. रॉक अँड रोलचा जमाना आलाय, जुन्या गाण्यांना मागणी उरलेली नाही, आणि मेबेल नॅशव्हिलच्या रुग्णालयात रात्रपाळीत रुग्णांची शुश्रूषा करते आहे.

तिथून १९६३च्या जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात या. मंचावर मेबेल आहे, समोर कॉलेजची पोरं. यातल्या कितीतरी जणांनी जुन्या रेकॉर्डवर सुई पुनःपुन्हा मागे नेत तिची ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ ही धून बसवली आहे. ती रात्रपाळ्या करत होती, तेव्हा तिचा अंगठा या पोरांच्या हातात रुजत होता.

शेवटचा मुक्काम १९७१चा ऑगस्ट, नॅशव्हिलचा वुडलँड स्टुडिओ. कॅलिफोर्नियाचा निटी ग्रिटी डर्ट बँड, म्हणजे लांब केसांची तरुण पोरं, जुन्या जाणत्यांबरोबर तीन एलपींचा अल्बम ध्वनिमुद्रित करतायत. अर्ल स्क्रग्ज, डॉक वॉटसन, रॉय अकफ अशी नामी मंडळी जमली आहेत. अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून ठेवलं, ते कार्टरांनी १९३५मध्येच रेकॉर्ड केलं होतं. त्याचं पहिलं कडवं मेबेलनं म्हणायचं हे ओघानंच आलं.

१९७८मध्ये ती गेली. ब्रिस्टलपासून मोजली, तर कारकीर्द एकावन्न वर्षांची भरते. ती मोजताना रुग्णालयातली वर्षं वजा करू नका. कलावंताला मागणी नसते, त्या काळातही त्याची कला कुणीतरी कुठेतरी घोटत बसलेलं असतं. मेबेल रिडलकडे बघून शिकली, तसंच.