शिवनेरीचं फूल आणि साहेबाचं नाव

जुलै 2025 मध्ये शिवनेरी जागतिक वारशाच्या यादीत गेला. पेढे वाटले, बॅनर लागले. चांगलंच झालं. पण गडाच्या कड्यावरच्या एका वारसदाराचं नाव त्या बॅनरवर कुठंच नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

नाव शिंदळ माकुडी. काही जण प्रेमाने शिवसुमन म्हणतात. काताळाच्या फटीत पसरणारं मांसल, छोटं झुडूप. पावसाळ्यात हिरवी पानं येतात आणि पावसाच्या शेवटी चांदणीसारखी लालसर-तपकिरी फुलं, त्यावर पिवळे ठिपके. जगात नैसर्गिकरीत्या फक्त आपल्या सह्याद्रीत, तेही मोजक्या ठिकाणी. शिवनेरी, पुरंदर-वज्रगड, सज्जनगड ही त्यातली ठळक नावं.

1860च्या दशकात मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातला डॅलझेल नावाचा स्कॉटिश अधिकारी या वनस्पतीची शास्त्रीय नोंद करतो आणि नाव देतो 'फ्रेरिया इंडिका'. कोणावरून? गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्यावरून! मुंबईच्या कोटाच्या भिंती ज्यांच्या कारकिर्दीत पाडल्या तेच हे साहेब. एकाचा तट पाडला आणि दुसऱ्याच्या गडावरच्या फुलाला नाव लागलं, इतिहास असा गमतीशीर असतो.

गुराख्यांना हे झाड साहेबाच्या आधीपासून माहीत होतं. पण त्यांच्या माहितीची नोंद कोण ठेवणार?

आता मुद्द्याचं. हे झाड फांदी लावली तरी जगतं. परदेशातल्या हौशी लोकांच्या कुंड्यांत ते सुखात आहे. म्हणजे झाड वाचवणं अवघड नाही, अवघड आहे त्याचा कडा वाचवणं. वणवा, चराई, दरड आणि हौसेपायी उपटून नेणं, याने ते जागेवरून जातंय.

आणि एक लक्षात घ्या. 19 फेब्रुवारीला आपण हजारोंनी गडावर जातो तेव्हा त्याची पानं गळालेली असतात. दिसतात नुसत्या जाडसर कांड्या. गडसंवर्धनाच्या उत्साहात झुडपं काढणाऱ्या पोरांना ते निवडुंगाचं रान वाटलं तर दोष पोरांचा नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मोहिमेआधी वनस्पती ओळखणारा एक माणूस सोबत घ्या. कड्याखालचं गवत पेटवू नका. फूल दिसलं तर फोटो जरूर काढा, पण नेमकी जागा टाकू नका. आणि वारशाच्या नावाने येणाऱ्या निधीतला थोडा हिस्सा कड्यासाठीही ठेवा, असं आपल्या लोकप्रतिनिधींना विचारा.

तटबंदी पडली तर दगड रचून पुन्हा उभी करता येते. कड्यावरनं हे झाड गेलं, तर त्याची डागडुजी कोणत्या टेंडरात बसणार?