सळईवरील लेपाचा इतिहास



शहरांत एखादें नवीन घर उभें राहत असतां खिडकीच्या गजांपाशीं किंवा फाटकापाशीं बसून निळसर, प्रखर प्रकाशांत लोखंड सांधणारा कारागीर आपण सर्वांनींच पाहिला असेल. त्याच्या बाजूस एक लोखंडी पेटी असते, तींतून दोन जाड तारा निघालेल्या असतात, आणि त्याच्या हातांतील चिमट्यांत लेप दिलेली एक बारीक सळई असते. या सरंजामांत महत्त्वाची वस्तु कोणती, असें विचारल्यास बहुतेक जण त्या पेटीकडे बोट दाखवितील. परंतु वेल्डिंगच्या विद्येचा इतिहास पाहिला, तर खरा मान त्या पेटीला नसून सळईवरील लेपाला द्यावा लागेल. विजेची ज्योत मनुष्याच्या हातीं आल्यानंतर हा लेप सुचण्यास जवळजवळ शंभर वर्षें जावीं लागलीं.

ही ज्योत लंडन येथील हंफ्रे डेव्ही या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दाखविली. दोन कोळशांच्या कांड्यांमधून वीज सोडून त्या किंचित् दूर केल्या, कीं मधल्या हवेंतून झगझगीत कमान उभी राहते. पुढें निकोलाय बेनार्डोस या रशियन गृहस्थानें १८८१ सालीं पॅरिस येथें असतां कोळशाच्या कांडीची ही ज्योत धातु जोडण्याच्या कामीं आणिली. त्याच्याच देशांतील निकोलाय स्लाव्यानोव्ह या अभियंत्यानें १८८८ सालीं कोळशाऐवजीं धातूचीच सळई घेतली. आतां सळई ज्योतहि देऊं लागली आणि स्वतः वितळून सांधाहि भरूं लागली. कल्पना उत्तम होती. पण सांधा ठिसूळ निघे.

याचें कारण आपल्या भोंवतालच्या हवेंत आहे. लोखंड वितळून लाल रस झाला, कीं तो हवेंतील प्राणवायु व नत्रवायु अधाशासारखा शोषून घेतो. थंड झाल्यावर सांधा वरून धड दिसतो, परंतु आंत बारीक छिद्रें पडलेलीं असतात, आणि धक्का बसतांच तो कांचेसारखा तडकतो. यावरील उपाय स्वीडनमधील ऑस्कर केलबर्ग यास सांपडला. गळक्या बॉयलरांची आणि जहाजांची दुरुस्ती हा त्याचा उद्योग असून, १९०४ सालीं त्यानें गॉथेनबर्ग येथें आपली कंपनी स्थापन केली होती. त्यानें साधी लोखंडी तार कार्बोनेट व सिलिकेट यांच्या दाट काल्यांत बुडवून वाळविली. असा लेप जळतांना निघणारा वायु हवेला दूर सारतो, आणि लेपाची वितळलेली कीट सांध्यावर पांघरुणासारखी पसरून रसाचें रक्षण करते. दुधावर साय यावी, तशी ही कीट वर येते; थंड झाल्यावर ती ठोकून काढावयाची असते.

पहिल्या महायुद्धानें या विद्येची कठोर परीक्षा घेतली. १९१७ सालीं अमेरिकेनें आपल्या बंदरांत अडकलेलीं शंभरांहून अधिक जर्मन जहाजें ताब्यांत घेतलीं, तेव्हां त्यांतील अनेकांचीं एंजिनें खलाशांनीं जाणूनबुजून फोडून ठेविलेलीं आढळलीं. तीं दुरुस्त करण्याच्या कामीं विजेच्या वेल्डिंगचा मोठा उपयोग झाला. १९२० सालीं इंग्लंडांत बर्केनहेड येथें 'फुलागर' नांवाचें जहाज तर रिव्हेटांवांचून, केवळ वेल्डिंगनें जोडलेल्या पत्र्यांचें तयार झालें.

तथापि गल्लींतील लहान कारखानदारास ही विद्या अद्याप दूरच होती. ज्योत स्थिर राहावी म्हणून एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह लागे, आणि त्यासाठीं महागडा डायनॅमो ठेवावा लागे. घरोघर येणारी वीज उलटसुलट वाहणारी. ती सेकंदांत ५० आवर्तनें करते; म्हणजे सेकंदांत १०० वेळां प्रवाह शून्यावर येतो आणि तितक्या वेळां ज्योत विझूं पाहते. उघड्या तारेनें हें काम साधणें फार कठीण. येथेंहि लेपच उपयोगीं पडला. पोटॅशियमच्या क्षारांची वाफ विजेला सहज वाट करून देते. म्हणून विझूं लागलेली ज्योत त्याच क्षणीं पुन्हा पेटते. आजहि कांहीं सळया केवळ एकदिश प्रवाहावर चालतात. त्यांच्याच जातीच्या लेपांत सोडियमच्या जागीं पोटॅशियम घातलें, कीं त्या उलटसुलट प्रवाहावरहि चालूं लागतात. रुटाइल नांवाच्या खनिजाचा लेप तर लहान यंत्रास विशेष मानवतो. हें खनिज आपल्या देशांत केरळच्या किनाऱ्यावरील वाळूंत सांपडतें. लेप असा सुधारल्यामुळेंच एक फिरता भाग नसलेला साधा ट्रॅन्सफॉर्मर गरीब कारागिराचें हत्यार होऊं शकला.

हा इतिहास ध्यानांत घेतला, म्हणजे कामाचे नियम पाठ करावे लागत नाहींत. ते आपोआप समजतात. ज्योत आंखूड, सळईच्या जाडीएवढीच ठेवावी, कारण ती लांबली कीं हवा आंत शिरते. सळई कोरडी ठेवावी, कारण दमट लेपांतील पाण्याची वाफ सांध्यांत छिद्रें पाडते. अडीच मिलिमीटरच्या सळईस ६० ते ९० अँपिअर प्रवाह पुरतो. त्याहून कमी दिला तर सळई चिकटते आणि रस खोल न जातां वरच साचतो. फार अधिक दिला तर पातळ पत्रा भोंकसतो. गंज, रंग व तेल आधीं खरडून काढावें, आणि परतीच्या तारेचा चिमटा स्वच्छ लोखंडावर घट्ट बसवावा. दुसरा थर देण्यापूर्वीं पहिल्या थरावरची कीट कसून काढावी. ती आंत राहिली, तर ज्या पांघरुणानें सांधा राखला, तेंच त्याचा घात करतें.

आपणांपैकीं बहुतेक जण हातांत ही सळई कधीं धरणार नाहींत. परंतु आपल्या गॅलरीच्या कठड्याला आपलीं मुलें टेकून उभीं राहतात, आणि तो कठडा अशा चार-दोन सांध्यांवरच उभा असतो. एकदां रंग चढला, कीं चांगला सांधा आणि वाईट सांधा सारखेच दिसतात. म्हणून रंग देण्यापूर्वीं कीट ठोकवून सांधा डोळ्यांनीं पाहावा, आणि छिद्रें दिसलीं तर तो घांसून पुन्हा भरावयास सांगावें.

त्याच वेळीं काम करणाऱ्याच्या तोंडावर काळ्या कांचेचा मुखवटा आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. या ज्योतींतील अदृश्य किरणांनीं डोळा भाजतो, तें त्या क्षणीं कळत नाहीं. कांहीं तासांनीं, बहुधा रात्रीं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते. लेपानें सांध्याचें रक्षण केलें, मुखवट्यानें कारागिराचें करावें. मजुरी ठरवितांना चार पैशांची घासाघीस करण्याऐवजीं या दोन गोष्टींचा आग्रह धरला, तर कठडाहि टिकेल आणि तो बनविणाऱ्याची दृष्टीहि.